रक्तगट जुळत नाही, म्हणून मुलीची पोटगी थांबेल का?

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ३९. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी साडेसहा वर्षांची आहे. गेल्या वर्षी पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली. कारणं नेहमीचीच: माझी आई, तिची नोकरी, पैसे. आता तिने स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगीचा अर्ज केलाय. नोटीस आली आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे.

मुद्दा वेगळाच आहे. शाळेच्या फीसाठी पत्नीने काही कागदांचे फोटो पाठवले, त्यात मुलीचं आरोग्यपत्रक होतं. त्यावर रक्तगट ओ पॉझिटिव्ह लिहिलाय. माझा एबी पॉझिटिव्ह, पत्नीचा बी. इंटरनेटवर शोधलं, तर एबी बापाला ओ गटाचं मूल होऊच शकत नाही म्हणे. तेव्हापासून झोप नाही. मुलगी व्हायच्या आधी पत्नीची ऑफिसातल्या एकाशी बरीच मैत्री होती, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आम्ही तेव्हा एकत्रच राहत होतो. मोठा भाऊ म्हणतो, डीएनए करून टाक, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे, मूल तुझं नसेल तर रुपयाही द्यावा लागत नाही. मुलीचा जुना ब्रश आणि केसांच्या क्लिपा घरात आहेत, त्या लॅबला पाठवता येतात असं कळलं. वकिलांना अजून काही सांगितलेलं नाही.

तीन प्रश्न आहेत. कोर्ट डीएनए चाचणीचा आदेश देईल का? मी गुपचूप केली तर चालेल का? आणि निकाल येईपर्यंत पोटगी थांबवता येईल का? मुलगी दर रविवारी फोन करते. मागचे दोन रविवार मी उचलला नाही.

— एक वाचक

उत्तर

नमस्कार. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं क्रमाने अशी: बहुधा नाही, करू नका, आणि मुळीच नाही. पण एक प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तुमचा रक्तगट एबी आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

थट्टा करत नाहीये. आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःचा रक्तगट ‘माहीत’ असतो तो वाहन परवान्यावरून, ऑफिसच्या ओळखपत्रावरून किंवा कॉलेजात कधीतरी मिळालेल्या कार्डावरून. परवान्याच्या अर्जात तो आपणच भरलेला असतो. शाळेच्या आरोग्यपत्रकाची गत त्याहून वाईट. तो रकाना बहुतेक वेळा पालकच भरतात, कधी प्रसूतीच्या फाइलवरून, कधी नुसत्या आठवणीने. आणि फाइलवरून भरला असेल तरी नवजात बाळाचा रक्तगट कच्चाच समजायचा असतो. जन्माच्या वेळी तांबड्या पेशींवरच्या ए आणि बी या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात, त्या ठळक व्हायला दोन-चार वर्षं जातात. मोठ्या माणसाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून (अँटीबॉडीजवरून) गटाची उलट पडताळणी करता येते. बाळाच्या अंगात ही प्रतिपिंडं अजून तयारच झालेली नसतात, त्यामुळे तीही सोय नाही. एका रकान्यातल्या एका अक्षरावर तुम्ही बायकोचं चारित्र्य आणि मुलीचा जन्म दोन्ही तोलायला बसला आहात.

तुम्ही वाचलेला नियम तसा बरोबर आहे. एबी गटाचा बाप मुलाला ए तरी देतो किंवा बी तरी. त्यामुळे मूल ए, बी किंवा एबी निघायला हवं, ओ नाही. पण या नियमाला एक अपवाद आहे आणि त्याचं नावच ‘बॉम्बे रक्तगट’ आहे. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत तो जगासमोर आणला. ए आणि बी या खुणा पेशीवर बसतात त्या एच नावाच्या पायाभूत खुणेवर. काही माणसांमध्ये हा पायाच नसतो. मग जनुकात ए असो की बी, पेशीवर काहीच उमटत नाही आणि नेहमीच्या तपासणीत त्या माणसाचा गट सरळ ‘ओ’ असा येतो. आई आणि बाप दोघांकडे हा दोष लपलेला असेल, तर त्यांचे स्वतःचे गट अगदी नेहमीसारखे दिसतात आणि मूल मात्र ओ भासतं. जगात हा गट फार दुर्मीळ आहे. भारतात त्या मानाने जास्त, म्हणजे साधारण दहा हजारांत एखादा.

तुमच्या घरात तेच झालंय असं मी म्हणत नाही. लिहिण्यातली चूक किंवा घाईतली तपासणी यांची शक्यता त्याहून कितीतरी जास्त. पण बॉम्बे गटाचं नाव काढण्यामागे आणखी एक कारण आहे. या गटाच्या माणसाला साधं ओ गटाचं रक्त चढवलं, तर ते जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. म्हणजे तुमची एबीची नोंद खरी असेल आणि मुलीची ओची नोंदही खरी असेल, तर पुन्हा तपासणी करणं ही आधी मुलीच्या जिवाची गरज आहे, तुमच्या शंकेची नंतर. हे पत्नीला सरळ कळवता येतं, त्यात कसलंही नाटक नाही. तिघांचा गट चांगल्या रक्तपेढीत पुन्हा बघायचा, पेशींवरून आणि सिरमवरूनही (प्रतिपिंडं असतात त्या रक्तातल्या द्रवावरून), आणि मुलीचा ओ आला तर अँटी-एच तपासणी, म्हणजे एच खूण आहे का ते बघणारी, करा असं स्पष्ट सांगायचं. स्वतःची तपासणी तर उद्याच करून या, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तुम्हीच बी किंवा ए निघालात, तर हे पत्र तिथेच संपलं. बी गटाच्या आईला आणि ए किंवा बी गटाच्या बापाला ओ गटाचं मूल होणं अगदी साधी गोष्ट आहे.

आणि समजा सगळं नीट तपासलं, तुम्ही पक्के एबी निघालात, मुलगी पक्की ओ, एच खूणही जागेवर? ‘सिस-एबी’ नावाचा आणखी एक अपवाद आहे, त्यात ए आणि बी दोन्ही एकाच गुणसूत्रावरून येतात. पण तो इतका विरळा की त्याच्या आधाराने मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तसं झालं तर तुमच्या शंकेला पाया आहे असं म्हणावं लागेल. मात्र शंकेला पाया असणं आणि कोर्टात खटला उभा राहणं, यांत बरंच अंतर आहे.

तुमच्या भावाची समजूत अशी दिसते की कोर्ट विचारेल, ‘मूल कोणाचं?’ प्रत्यक्षात कोर्ट विचारेल, ‘गर्भ राहिला त्या काळात तुम्ही कुठे होतात?’ भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधलं कलम ११६ वाचा. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. त्याआधी १८७२ च्या पुरावा कायद्यात तेच कलम ११२ होतं, आणि जुन्या निकालांत तुम्हाला हाच आकडा दिसेल. वैध लग्न चालू असताना, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचं औरस मूल आहे याचा तो निर्णायक पुरावा. यातून सुटायला एकच दार ठेवलंय: गर्भ राहू शकला असता त्या दिवसांत नवरा-बायकोला एकमेकांचा सहवास मिळण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करणं. लक्षात घ्या, संधी नव्हती हे दाखवायचं. एका घरात राहत होतो पण बोलचाल नव्हती, वेगळ्या खोल्यांत झोपत होतो, यावर ते भागत नाही. नवरा वर्षभर जहाजावर होता, तुरुंगात होता, परदेशात होता, असा काही ठोस पुरावा लागतो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की तेव्हा एकत्र राहत होतो. तुमच्यापुरतं ते दार इथेच बंद झालं.

‘हा कायदा जुना आहे, तेव्हा डीएनए कुठे होता’ हे मला पक्षकारांकडून नेहमी ऐकायला मिळतं. १८७२ मध्ये नव्हता, हे खरं. २०२३ मध्ये नवा कायदा लिहिताना मात्र होता, आणि तरीही संसदेने हे कलम जवळजवळ शब्दशः तसंच ठेवलं. तेव्हा ती विसरून राहिलेली अडगळ आहे असं समजू नका. कायद्याला इथे जैविक सत्याची फारशी फिकीर नाही. त्याला काळजी आहे ती मोठ्यांच्या भांडणात मूल निनावी होऊ नये याची. हे धोरण पटो न पटो (मला बव्हंशी पटतं), खटला लढवायचा तो त्याच्याच चौकटीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगून ठेवलंय की पितृत्वाची चाचणी मागेल त्याला द्यायची गोष्ट नाही. सहवास नव्हता असं सकृद्दर्शनी तरी भक्कमपणे दिसलं पाहिजे, आणि पोटगी टाळण्यासाठी टाकलेला खडा म्हणून ती मागता येणार नाही. तो अर्जही पोटगीच्या खटल्यातल्या नवऱ्याचाच होता, हे तुमच्या भावाला आवर्जून सांगा. २०१० मध्ये न्यायालयाने आणखी एक कसोटी घातली: चाचणीशिवाय सत्यापर्यंत पोहोचणं शक्यच नाही, अशी अत्यंत निकड असेल तरच आदेश द्यायचा. महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात २०२३ मध्ये न्यायालय म्हणालं की आईबापांच्या वादात मुलाच्या जनुकांना सरसकट हत्यार बनवता येणार नाही. मुलालाही स्वतःचं खासगीपण आहे, आणि आईने चाचणीला नकार दिला एवढ्यावरून मूल औरस नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या नवऱ्याकडे खासगीरीत्या करून घेतलेला डीएनए अहवाल होता. त्याचा उपयोग झाला नाही.

जानेवारी २०२५ चा निकाल तुमच्या ‘ऑफिसातल्या एका’च्या संदर्भात वाचण्यासारखा आहे. तिथे सज्ञान झालेला मुलगा दुसऱ्याच एका पुरुषाला आपला बाप म्हणत होता आणि त्याच्याकडून पोटगी मागत होता. न्यायालयाने म्हटलं, जन्माच्या वेळी आई विवाहित होती, नवऱ्याशी सहवासाची संधी नव्हती हे सिद्ध झालेलं नाही, तेव्हा कायद्याने बाप नवराच. त्या काळात आणखी कोणाशी संबंध असतील, तरी नवऱ्याचं पितृत्व आपोआप गळून पडत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुम्ही हात झटकलेत म्हणून मुलीला दुसरा बाप मिळतो असं नाही. तिचा आहे तोही जातो.

आता २०१४ चा तो निकाल. तो खरा आहे आणि त्यात जे म्हटलंय तेही खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने तिथे म्हटलं की कायद्यातलं गृहीत आणि विज्ञानाने सिद्ध झालेलं सत्य समोरासमोर आले, तर सत्याला मान द्यावा लागतो, आणि त्या मुलीची पोटगी रद्द केली. पण भावाने बहुधा बातमीचा मथळा वाचला. त्या प्रकरणात सहवास नव्हता हे नवऱ्याचं म्हणणं होतं. चाचणी न्यायालयाच्याच आदेशाने झाली, आणि पहिल्या निकालावर शंका घेतली गेली म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा झाली. चाचणीचा आदेश द्यावा की नाही, हा वाद मागे पडला होता. अहवाल न्यायालयासमोर होता आणि त्याचं काय करायचं एवढाच प्रश्न उरला होता. तुम्ही अजून त्या दाराच्या बाहेर आहात. उलट २००१ च्या निकालात याच न्यायालयाने म्हटलं होतं की नवरा-बायको एकत्र राहत असतील, तर डीएनए विरोधात गेला तरी कलमाची निर्णायकता सुटत नाही. या दोन निकालांचा सांधा पूर्णपणे बसलेला नाही, आणि वकील आपापल्या सोयीने एक किंवा दुसरा पुढे करतात. मीही केला असता. पण २०१४ च्या निकालाच्या शेवटचं एक वाक्य कोणी सांगत नाही: आतापर्यंत दिलेली रक्कम परत वसूल करायची नाही.

हे सगळं लग्नातल्या मुलांबद्दल झालं. लग्नाबाहेर मूल जन्मतं तेव्हा गृहीत कोणाच्याच बाजूने नसतं आणि तीच चाचणी आईचं किंवा मुलाचं हत्यार होते. मूल स्वतः सज्ञान होऊन विचारतं तेव्हाही न्यायालयाचा सूर कधीकधी बदलतो. माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारी यांच्याविरुद्ध त्यांचा मुलगा म्हणवणाऱ्या तरुणाने केलेल्या पितृत्वाच्या खटल्यात त्यांनी रक्त द्यायला शेवटपर्यंत टाळाटाळ केली, तरी द्यावं लागलं, आणि २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अहवाल उघडला तो मुलाच्या बाजूने. तिथे प्रश्न विचारणारा मुलगा होता. तुमच्याकडे तो प्रश्न तुम्ही विचारताय, मुलगी नाही.

गुपचूप चाचणीकडे येऊ. शास्त्र सोपं आहे. डीएनएमधल्या ठरावीक वीसेक जागा बघतात. प्रत्येक जागी मुलाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळालेली असते. बापाकडून यायला हवी ती प्रत अनेक जागी सापडत नसेल, तर हा बाप नाही असं ठाम सांगता येतं. सगळीकडे जुळली तर शक्यता ९९.९९ टक्क्यांच्या घरात जाते. एखाद्याच जागी न जुळणं उत्परिवर्तनामुळेही (डीएनएत आपोआप होणाऱ्या बदलामुळेही) होतं, म्हणून एकावरून निकाल देत नाहीत. हे सगळं नीट घेतलेल्या नमुन्याबद्दल. तुमच्याकडे आहे काय? क्लिपेत अडकलेले केस, ज्यांना मूळ असेल की नसेल. मूळ नसलेल्या तुटक्या केसात या चाचणीला लागतो तो डीएनए नसल्यासारखाच. आणि एक जुना ब्रश, जो कोणी कोणी वापरला देव जाणे. शिवाय नमुना कोणी घेतला, कोणासमोर घेतला, कोणाची ओळख पटवून सीलबंद केला, याची साखळी नसेल, तर कोर्टात समोरचा वकील पहिल्याच उलटतपासणीत त्या अहवालाच्या चिंध्या करेल.

घरगुती चाचण्या विकणाऱ्या प्रयोगशाळा अहवालावर स्वतःच लिहून देतात की हा कायदेशीर कामासाठी नाही, आणि डीएनए तंत्रज्ञानासाठी आणलेलं विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतल्यामुळे या व्यवहाराला स्वतंत्र कायद्याचं नियंत्रणही नाही. मुलगी अज्ञान (अल्पवयीन) आहे, तेव्हा तिच्या वतीने पालकाची संमती लागते. म्हणजे ‘मी हिचा बाप नाही’ हे शोधण्यासाठी तुम्हाला त्या अर्जावर तिचा बाप म्हणून सही करावी लागेल.

पण समजा नमुना चांगला निघाला, अहवालही खरा आला, आणि तो विरोधात गेला. मग तुम्ही काय कराल, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. पैसे वाचतील एवढंच आहे. त्या अहवालाने पैसे वाचतीलच असं नाही, हे वर सांगितलं. आणि उद्या मुलीला भेटण्याचा हक्क मागायचा झाला, तर कुठल्या तोंडाने मागाल? एका अर्जात ती माझी नाही आणि दुसऱ्यात शनिवार-रविवार मला द्या, असं तळ्यात-मळ्यात न्यायाधीश खपवून घेत नाहीत. कैफियतीत, म्हणजे कोर्टाला दिलेल्या लेखी उत्तरात, एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. पत्नीच्या चारित्र्यावर लेखी कैफियतीत केलेले बिनबुडाचे आरोप हीच मानसिक क्रूरता ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलंय. तिथे नवऱ्याने नंतर दुरुस्ती करून ते आरोप काढून टाकले होते, तरीही. तुमच्या कागदांतून पत्नीला घटस्फोटाचं कारण तुम्हीच पुरवाल. आणि ती मुलगी मोठी झाल्यावर ते कागद वाचू शकते.

रविवारचे दोन फोन तुम्ही उचलले नाहीत, ते मला या पत्रातलं सगळ्यात वाईट वाक्य वाटलं. तिला रक्तगटाचं काही माहीत नाही. फोन उचला. डोक्यात शंका असताना बोलणं जड जाईल, तर थोडं बोला, पण उचला. व्यवहारानेही हेच बरोबर आहे: ताब्याच्या किंवा भेटीच्या अर्जात ‘वडिलांनी संपर्क तोडला’ हे वाक्य तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल, आणि तेव्हा ते खरं असेल.

शंका मनातून जातच नसेल, तर सभ्य रस्ता आहे. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, मध्यस्थी असते. रक्तगटाची फेरतपासणी झाल्यावरही विसंगती राहिली, तर तिथे, वकिलांसमोर, पत्नीशी बोला. दोघांच्या लेखी संमतीने, आईचाही नमुना घेऊन, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करता येते. ती नाही म्हणू शकते. तिला तो अधिकार आहे आणि त्या नकाराचा अर्थ तुम्ही लावाल तोच असेल असं नाही. निकाल काहीही आला तरी आपण तिघांचं पुढे काय करायचं, हे चाचणीच्या आधी ठरवा, नंतर नाही. आणि हो, मूल होण्यासाठी तुम्ही दात्याच्या बीजाचे उपचार घेतले असतील आणि तेव्हा संमतीपत्रावर सही केली असेल, तर प्रश्नच मिटला. २०२१ च्या कायद्याप्रमाणे असं मूल त्या जोडप्याचंच असतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण हा धागा विसरून लोक माझ्याकडे आलेले आहेत.

राहिली पोटगी. नोटीस आली आहे तेव्हा तारखेला हजर राहा. न गेलात तर प्रकरण एकतर्फी चालतं आणि रक्कम समोरच्या कागदांवरून ठरते. अर्ज बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली असेल, जुनं कलम १२५ ते हेच. त्यात मूल औरस असो की अनौरस, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अज्ञान मुलाला पोसण्याची जबाबदारी बापावर आहे. पत्नी व्यभिचारात राहत असेल तर तिची पोटगी नाकारता येते, असं एक पोटकलम आहे खरं. पण ते पत्नीपुरतं आहे, मुलीच्या पोटगीला ते लागत नाही, आणि उच्च न्यायालयांनी वारंवार सांगितलंय की ‘राहणं’ म्हणजे सातत्य, सात वर्षांपूर्वीची एखादी मैत्री नव्हे.

मुख्य अर्ज चालू असताना अंतरिम पोटगीचा आदेश होतो, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो व्हावा असं कलमातच आहे. ‘चाचणी व्हायची आहे’ म्हणून तो थांबत नाही. आदेश झाल्यावर पैसे थांबवलेत, तर वसुलीचं वॉरंट निघतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत जाऊन आलं की थकबाकी फिटली, असंही होत नाही. ती तशीच राहते. आणि २०२० च्या निकालानंतर पोटगी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून धरतात, म्हणजे तारखा लांबवून फक्त थकबाकी वाढते.

याच २०२० च्या निकालात तुमच्या कामाची गोष्ट आहे. दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं शपथपत्र द्यावं लागतं. पत्नी नोकरी करते असं तुम्ही म्हणता. मग मुलीचा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटून घ्यावा, हे तुम्ही रास्तपणे मांडू शकता आणि न्यायालय ते ऐकतं. वाद घालायचाच असेल तर रकमेवर घाला: पगाराच्या पावत्या, कर्जाचे हप्ते, आईचं औषधपाणी, मुलीची खरी फी. शपथपत्रात काही लपवू नका, बँकेचे उतारे मागवले जातात. वकिलांना रक्तगटाचं सगळं सांगा, त्यांच्यापासून लपवलेली गोष्ट ऐन तारखेला बाहेर येते. पण म्हणणं दाखल करताना त्यात ‘मुलगी माझी नाही’ हे वाक्य घालायचं की नाही, ते रक्तपेढीचा अहवाल हातात आल्याशिवाय ठरवू नका. गरज पडली तर म्हणणं दाखल करायला मुदत मागून घ्या. आणि आदेश व्हायच्या आधीच मुलीच्या नावाने महिन्याला काहीतरी बँकेतून पाठवायला लागा, रोख नको. अंतरिम रकमेचा हिशेब करताना ते धरलं जावं अशी विनंती तुमचे वकील करू शकतील.